टॉवर गेला? पिकअप आहे ना!

मोबाइलची रेंज संपते तिथे एक जुना, चिवट आणि भलताच हटके छंद सुरू होतो. तोही चक्क पिकअपच्या केबिनमध्ये!

शुक्रवारी संध्याकाळी लॉग-आउट, रात्री नाशिक हायवे, पहाटे भंडारदऱ्याच्या काठावर चहा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसवाल्यांचा हा वीकेंड प्लॅन आता पाठ झालाय. पुढचा सीनही पाठच आहे. रस्ता घाटघर-साम्रदकडे वळतो, फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या एकेक करून गळतात, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला पाठवलेलं 'कुठे पोचलात?' एका टिकवरच अडकून बसतं. काजव्यांच्या सीझनमध्ये हे रोमँटिक वाटतं. जुलैच्या पावसात दरड कोसळून रस्ता बंद झाला, की अजिबात वाटत नाही.

मग काय करायचं? सॅटेलाइट फोन? विसरा. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकी-टॉकी? त्यांचीही भानगड आहे, ती पुढे सांगतो. एक रस्ता मात्र एकदम कायदेशीर आहे. परीक्षा द्या, कॉल साइन मिळवा, आणि गाडीत हॅम रेडिओ बसवा.

त्यातही गाडी पिकअप असेल तर मजा वेगळीच. पिकअप म्हटलं की आपल्यासमोर येते ती कांद्याच्या गोण्या नाहीतर दुधाचे कॅन भरून नगरच्या रस्त्यांवर धावणारी बोलेरो. २०१६ मध्ये इसुझू व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स आली, आणि हौदावाली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येही दिसू लागली. गाडी हौसेची असो की धंद्याची, रेडिओच्या दृष्टीने दोघींचे गुण-दोष सारखेच आहेत.

हॅम म्हणजे नेमकं काय?

हॅम म्हणजे हौशी रेडिओ. स्वतःचा सेट, स्वतःची अँटेना आणि सरकारने दिलेलं स्वतःचं नाव. त्याला म्हणतात कॉल साइन. भारतातली कॉल साइन बहुतेक व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते. राजीव गांधी व्हीयू२आरजी होते. मध्ये टॉवर नाही, सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही. तुमच्या अँटेनातून निघालेली लहर थेट समोरच्याच्या अँटेनात जाते.

गाडीसाठी कामाचे पट्टे मुख्यतः दोन. पहिला १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा, ज्याला हॅम मंडळी 'टू मीटर' म्हणतात. जवळच्या, स्वच्छ आवाजातल्या गप्पांसाठी हा बेस्ट. दुसरा ७ मेगाहर्ट्‌झचा 'फोर्टी मीटर'. हा डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटर जातो, पण त्याची अँटेना मोठी आणि नखरेही मोठे.

आणि हो, हॅमवर धंदा चालत नाही. पिकअपमधून मार्केट यार्डात 'आज कांदा काय भाव?' असं विचारलंत तर तो नियमभंग! गाणी वाजवणं नाही, सांकेतिक भाषेत बोलणं नाही, आपली कॉल साइन लपवणं नाही. जे बोलाल ते कोणीही ऐकू शकतो. थोडक्यात, हा चावडीवरचा गप्पांचा फड आहे, प्रायव्हेट चॅट नाही.

वॉटपेक्षा चढ मोठा

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'किती किलोमीटर जातो?' उत्तर आहे, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

टू मीटरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यांचं क्षितिज काढायचा सोपा फंडा असा. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. गाडीच्या टपावरची अँटेना जमिनीपासून दोन मीटरवर धरली तर क्षितिज ५.८ किलोमीटर. दोन्ही गाड्या सपाटीवर असतील तर दोघांची क्षितिजं मिळून जेमतेम ११-१२ किलोमीटर. आता एक जण समोरच्या मुलखापेक्षा हजार मीटर उंच चढला, की त्याचं एकट्याचं क्षितिज १३० किलोमीटर होतं. सेट तोच, बॅटरी तीच!

आता नगर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तरी बोलताना अजून सहज 'नगर'च येतं. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, आणि १,४२४ मीटरचा हरिश्चंद्रगड. पूर्वेला शेवगाव-पाथर्डीचा मोकळा, पावसाची वाट बघणारा मुलूख. पूर्वेच्या मोकळ्या माळावर साधा सेटही बरी साथ देतो. अकोल्याच्या दरीत मात्र पन्नास वॉटचा सेट समोरच्या कातळावर डोकं आपटून गप्प बसतो. अशा वेळी पॉवर वाढवण्यापेक्षा गाडी पुढच्या खिंडीत नेलेली बरी.

नगरला गाडीतला वायरलेस नवा नाही

गाडी आणि रेडिओ यांची जोडी नगरला नवी नाहीच. इथे लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांतून निरोप पाठवायला चक्क कबुतरं नेली जायची. दुसऱ्या महायुद्धापर्यंत चित्र पालटलं. ज्या रणगाड्यांना एकमेकांशी बोलता येत होतं, ते जास्त चपळाईने लढले. पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात तर तोफेसमोर फोटो काढून झाल्यावर अँटेनांच्या बैठका शोधा. त्या रणगाड्यावर कुठे बसवल्या आहेत, हेच बघण्यासारखं असतं.

नगरलाच डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून किती रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो आणि बाहेरच्या लहरींनी गाडी बिथरते का, हे तपासायची सोय तिथे आहे. याला म्हणतात ईएमआय-ईएमसी चाचणी. तुमच्या घरच्या पिकअपची कहाणी हीच आहे, फक्त छोट्या प्रमाणात. रेडिओने गाडीला छळायचं नाही, गाडीने रेडिओला छळायचं नाही. बसवण्याची सगळी कला या एका वाक्यात आली.

चला, बसवू या!

*करंट कुठून घ्यायचा?* सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ नका. पन्नास वॉटचा टू मीटर सेट बोलताना दहा-बारा अँपिअर खेचतो. शंभर वॉटचा फोर्टी मीटरवाला सेट वीसच्या वर जातो. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा दहा-पंधराचा असतो. तेव्हा वायर थेट बॅटरीवरून आणायची, चांगली जाड, चार किंवा सहा स्क्वेअरची. पॉझिटिव्हचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. सेटजवळ फ्यूज लावून मधली दोन मीटर वायर मोकळी सोडली, तर ती कुठेतरी घासून शॉर्ट झाल्यावर तिला वाचवायला कोणीच नाही. इंजिनाकडून केबिनमध्ये वायर येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट लावा. पत्र्याची धार हळूहळू वायर कापते.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर एक सेन्सर बसवलेला असतो. अशा गाडीत सेटची निगेटिव्ह टर्मिनलवर न जोडता, बॅटरीची अर्थ वायर चासीला जिथे जोडलेली आहे तिथे जोडायची. नाहीतर गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. वायरमन 'चालतंय की साहेब' म्हणाला तरी हा मुद्दा सोडू नका.

*सेट कुठे ठेवायचा?* केबिनमध्ये जागा कमी. म्हणून पुढची पट्टी सुटी होणारा सेट बरा पडतो. मूळ डबा सीटखाली, पट्टी डॅशबोर्डवर. डब्याला हवा लागली पाहिजे, कारण बोलताना तो तापतो. एअरबॅग उघडते त्या जागेवर किंवा तिच्या वाटेत काहीही लावायचं नाही. हा नियम फॅशनचा नाही, जिवाचा आहे.

*अँटेना कुठे?* सगळ्यात चांगली जागा म्हणजे केबिनच्या टपाचा मध्य. टू मीटरची पाव-लहर अँटेना साधारण ४९ सेंटिमीटरची काडी असते. तिला खाली लोखंडी पत्रा लागतो, तो आरशासारखं काम करतो. टपाला भोक पाडायला जीव होत नसेल तर लोहचुंबकाची बैठक घ्या. मात्र तिच्याखाली माती अडकली की रंग जातो, हे लक्षात ठेवा. अँटेना मागे हौद्याच्या कोपऱ्यात लावली तरी चालते, पण मग तिचा जोर सगळ्या दिशांना सारखा राहत नाही. हौद्यावर लोखंडी पाइप आणि ताडपत्रीचा सांगाडा असेल तर अँटेना त्याच्या वर डोकं काढेल असं बघा.

*पिकअपची खरी गोम.* कारचं शरीर एकसंध असतं. पिकअपची केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोघं रबरी बुशांवर चासीला बसवलेले. तुम्हाला ती एक गाडी दिसते, रेडिओला मात्र ते लोखंडाचे सुटे तुकडे दिसतात. म्हणून केबिन ते चासी, हौदा ते चासी, बॉनेट ते बॉडी, आणि जमलं तर सायलेन्सरचा पाइपही, तांब्याच्या विणलेल्या चपट्या पट्ट्यांनी जोडून घ्यायचा. रंग खरवडून, थिंबल लावून, नट घट्ट करून. हे रविवार सकाळचं काम आहे. फोर्टी मीटरवर यानेच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

*कुंई कुंई येतंय?* इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली तर संशय अल्टरनेटरवर. टिकटिक ऐकू आली तर डिझेल इंजेक्टरवर. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नाहीत, हा पिकअपवाल्यांचा बोनस! खरखर आली तर आधी बाजारातून आणलेले एलईडी दिवे आणि यूएसबी चार्जर बंद करून बघा. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. वायरवर फेराइटचे मणी बसवले की गोंगाट कमी होतो.

शेवटी एसडब्ल्यूआर मीटर लावा. सेटने दिलेली शक्ती अँटेना किती घेते आणि किती परत फेकते, ते हा मीटर सांगतो. आकडा दीडच्या आत आला की पार्टी करायला हरकत नाही. तीनच्या वर असेल तर बोलायचं बटण दाबू नका, सेट जळेल.

दरीत अडकलात तर?

डोंगराच्या कुशीत टू मीटर गप्प पडतो. तिथे फोर्टी मीटर कामाला येतो, पण गाडीवरच्या काडीने नव्हे. सात मेगाहर्ट्‌झची पाव लहर दहा मीटरची होते. गाडीवर जेमतेम दोन मीटरची काडी मावते, उरलेली उणीव कॉइलने भरून काढायची. त्यात बरीचशी शक्ती उष्णता होऊन जाते.

त्यापेक्षा गाडी उभी करा. मधोमध केबल जोडलेली, एकूण वीस मीटरची तांब्याची वायर घ्या आणि हौद्यातल्या बांबूवरून दोन झाडांच्या मध्ये तीन-चार मीटरवर ताणा. इतकी खाली असल्यामुळे तिच्या लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आकाशातल्या आयनांच्या थरावरून परत खाली येतात. दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या वर्तुळात, दऱ्याखोऱ्यांतसुद्धा. मध्ये कितीही कडे असोत! शंभर-दोनशे रुपयांची वायर, एक बांबू आणि पंधरा मिनिटं. हौद्यात एवढं सामान कायम पडलेलं असावं.

आधी परीक्षा, मग माइक

हे सगळं परवान्याशिवाय करायचं नाही. परवाना देतो दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी विभाग. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतो. १९७८ च्या नियमांनी ठरवलेल्या ग्रेड दोन, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. वयाची किमान अट १२ वर्षं, म्हणजे शाळेतली मुलंही बसू शकतात. प्रश्न थोडे इलेक्ट्रॉनिक्सचे, थोडे नियमांचे. इंजिनिअरिंग केलेल्यांना उजळणी, कॉमर्सवाल्यांना एक-दोन महिन्यांचा अभ्यास. परवाना ठरावीक पत्त्यासाठी असतो आणि चालत्या गाडीतून बोलण्याच्या अटी वेगळ्या आहेत. तेव्हा टपाला भोक पाडण्याआधी त्या अटी वाचा आणि लागेल ती परवानगी घ्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. गाडी चालवणाऱ्याने माइक हातात घ्यायचा नाही. मग बोलणार कोण? शेजारचा. म्हणजे शेजारच्यालाही परवाना हवा! जोडीने परीक्षेला बसा. याच्याइतकं हटके व्हॅलेंटाइन गिफ्ट दुसरं सुचत नाही.

आणि ते ऑनलाइन वॉकी-टॉकी? परवाना लागणारे सेटही तशी काहीच माहिती न देता विकले जात होते. म्हणून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. स्वस्त मिळाला म्हणून उचलला, असं करू नका.

सरकार रेडिओबाबत एवढं कडक का, याला इतिहास आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांनी हौशी परवाने काढून घेतले. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंद होते आणि त्याच वेळी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवत होते. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवत. नोव्हेंबरात तो पकडला गेला. जागा बदलणारा रेडिओ सत्तेला किती अस्वस्थ करतो, त्याचा हा अस्सल मराठी मुलखातला पुरावा.

मग हे सगळं कशासाठी?

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. अकोल्याच्या दक्षिणेला जुन्नर, त्याच्या पलीकडे आंबेगाव. म्हणजे सह्याद्री तोच, पाऊस तोच. गाव दिसत नाही, हे बाहेरच्या जगाला कळलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. फोनने नाही, अ‍ॅलर्टने नाही, रस्त्यावरच्या एका गाडीने ती खबर बाहेर नेली. त्या गाडीत रेडिओ असता तर गाव वाचलं नसतं. पण चाक फिरायच्या आधी खबर निघाली असती. ढिगाऱ्याखालच्या माणसाला तेवढा वेळही मोठा असतो.

हॅम मंडळींनी हे काम वेळोवेळी केलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात केलं, २००१ मध्ये भूजला केलं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. छंदासाठी नेलेले सेट अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवू लागले.

यातलं काहीही फक्त सेट विकत घेऊन झालं नाही. या लोकांना कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर असतं ते ठाऊक होतं. बोलणं थोडक्यात करायची सवय होती. आणि मुख्य म्हणजे, पलीकडे ऐकणारा माणूस होता. पिकअपमध्ये बसवलेला, पण कोणाशीच ओळख नसलेला रेडिओ म्हणजे महागडा शोपीस. हॅम मंडळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर हजेरी लावतात, तिला 'नेट' म्हणतात. त्यात नियमित जा. सुरुवातीचे महिनाभर नुसतं ऐका. आवाज ओळखीचे झाले, की आपोआप आपलंही नाव लक्षात राहतं.

मग एक काम करा. पावसाळ्याआधीच्या एखाद्या शनिवारी मित्राला राजूरला बसवा आणि तुम्ही धरणाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघर करा. दर दोन किलोमीटरला हाक द्या. कुठून ऐकू येतं, कुठल्या वळणावर तुटतं, कुठल्या चढावर परत जुळतं, ते कागदी नकाशावर पेनने मांडा. तो नकाशा गाडीतच ठेवा. रस्ता बंद झालेल्या रात्री तुम्हाला लागणार आहे तो हाच. वॉट किती ते नाही, तर 'मागच्या चढावर गेलो की पोचेल' हे माहीत असणं.

बाकी छंद म्हणून मजा आहेच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना बऱ्याचदा १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर बोलतं आणि टपावरच्या त्याच ४९ सेंटिमीटरच्या काडीने ते ऐकू येऊ शकतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथून विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. घाटघरला फोन डेड, आणि स्पीकरवर अंतराळवीर... बोला, आहे का असं कुठल्या रिचार्ज पॅकमध्ये?